निकाल अप्राप्त

राज्य पोलिसांच्या गुन्हेनोंद विभागात तिला सगळे नोंदबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि चाळीस वर्षांपूर्वी कुणी कुणाची सायकल उचलली ते जिथे दोन मिनिटांत सांगता येतं, तिथे ही गोष्ट जरा लाजिरवाणीच होती.

काम ऐकायला साधं. कुणाला अटक झाली की ठाण्यातून एक कार्ड यायचं. त्यावर दहा बोटांचे ठसे, नाव, टोपणनाव, अंगावरच्या खुणा आणि गुन्ह्याचं कलम. पुढे कोर्टात काय झालं त्याचा कागद मागाहून यायचा, तो त्या कार्डाला जोडायचा. आता यायचा म्हणजे यायला हवा. निम्म्या वेळा तो यायचाच नाही. मग कार्डाच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का बसायचा: 'निकाल अप्राप्त'. माणसाला पकडलं हे सरकारला पक्कं ठाऊक. त्याला शिक्षा झाली, की तो निर्दोष सुटून घरी जाऊन गाढ झोपला, याचा मात्र पत्ता नाही.

अठ्ठावीस वर्षं हेच केल्यामुळे नोंदबाईला एक खोड लागली होती. दिसेल त्या माणसाचं ती मनातल्या मनात कार्ड भरायची. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याच्या कार्डावर टोपणनाव होतं 'आलोच', कारण जेवायला हाक मारली की तो दुकानातून एवढं ओरडायचा आणि पाऊण तास यायचा नाही. परदेशात राहणाऱ्या नणंदेच्या कार्डावर, सवय: 'ठेवते हं' म्हटल्यावर अर्धा तास फोनवर बोलणे. शेजारच्या वकिलाच्या कार्डावर, खुणा: हसल्यास ओळख पटत नाही.

सासूबाईंचं कार्ड मात्र कोरं होतं. तिथे लिहायला काही सापडायचंच नाही. सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांना होल्डवर ठेवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते काम घरात चालू ठेवलं होतं. वय एकाहत्तर, पाठ ताठ. चपला रांगेत हव्यात. फ्रिजचं दार तीन आकडे मोजायच्या आत बंद झालं पाहिजे. रस्ता ओलांडायचा तर पांढऱ्या पट्ट्यांवरूनच, मग पट्टे अर्धा मैल लांब का असेनात. सुनेच्या स्कूटरवर मागे बसल्या की रस्ताभर त्यांचं चालू असायचं, "पिवळा झाला, पिवळा झाला! थांब! अगं, नियम आहे तो!"

एका वर्षी विभागाने जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. नऊ नंबरचं कपाट नोंदबाईकडे आलं. त्या कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नसे, आणि ही एकच लाथ ती नेमाने मारत असे. मंगळवारी साडेअकराच्या सुमारास तिने त्यातून एक कार्ड काढलं, मशीनवर ठेवायला गेली आणि तशीच थांबली.

स्त्री. वय वीस. फोटोत दोन वेण्या, आणि हनुवटी अशी वर केलेली की फोटो काढणाऱ्यानेच गुन्हा केलाय. डाव्या कोपराखाली भाजल्याचा चंद्रकोरीसारखा व्रण. पत्ता: गॅरेजच्या वरची खोली. वडिलांचा धंदा: ट्रकदुरुस्ती. आणि नाव...

ते नाव घरच्या कपाटातल्या एका जुन्या प्रमाणपत्रावर नोंदबाईने कितीदा तरी वाचलं होतं. ते सासूबाईंचं माहेरचं नाव होतं.

गुन्हा: प्रवासी बस चालकाच्या संमतीविना चालवून नेणे.

खाली जांभळा शिक्का: निकाल अप्राप्त.

नोंदबाईने ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने पाण्याची बाटली पुढे केली.

नियम स्पष्ट होता. नातेवाइकाची नोंद हाती लागली तर ती तिथेच बाजूला ठेवायची, साहेबांना लेखी कळवायचं आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. नोंदबाईने लगेच चार ओळींचा अर्ज लिहिला आणि कार्डासकट विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. साहेबांनी अर्ज वाचला, मग कार्ड वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा कार्ड वाचलं.

"सासूबाई?"

"हो सर."

"बस?"

"हो सर."

"मोठी?"

"प्रवासी लिहिलंय सर. म्हणजे मोठीच असणार."

साहेब खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे थोडा वेळ हलत होते. पुन्हा वळले तेव्हा चेहरा अगदी सरकारी होता. "हे प्रकरण सहा नंबरमधल्या ठसेकाकांकडे द्या. आणि घरी एक अक्षर नाही."

"अठ्ठावीस वर्षांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचंसुद्धा कधी बोलले नाही सर."

"शेजारी वेगळे," साहेब म्हणाले. "तुम्हाला जड जाणार आहे."

आणि खरंच जड गेलं. त्या दिवशी जेवताना ती सासूबाईंच्या डाव्या कोपराकडे बघत राहिली.

"काय बघतेस?"

"काही नाही, आई."

"इस्त्रीने भाजलंय ते. लहानपणी."

कुणी विचारलं होतं? नोंदबाईने घास गिळला आणि हसू त्याच्यामागून ढकललं. नवरा दुकानातून "आलोच" म्हणून ओरडला, म्हणून निभावलं.

रविवारी मात्र तिचा पाय घसरला. दोघी स्कूटरवरून भाजी आणायला निघाल्या होत्या. मागून नेहमीप्रमाणे सुरू झालं, "डावीकडून घे. हॉर्न दे. अगं, क्लच केवढा दाबतेस!"

"मग तुम्हीच चालवता का, आई?" नोंदबाई बोलली आणि लगेच जीभ चावली.

तीन सिग्नल गेले, त्यातला एक पिवळा होता, तरी मागून आवाज नाही. भाजीवालीपाशी उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला? मला तर बाई सायकलचीसुद्धा भीती वाटते." आणि टोमॅटो निवडायच्या ऐवजी कांदे निवडून घेऊन आल्या.

एकदा सुटलेला शब्द परत कसा घ्यायचा? नोंदबाईने मनाशी कानाला खडा लावला. सोमवारी ऑफिसात जाऊन तिने साहेबांना तेही सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "प्रश्न विचारलात, माहिती नाही दिलीत. पण आता घरी शक्यतो हवापाण्यावरच बोला."

हवापाण्यावर दोन आठवडे निघाले. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. चाळिसाव्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि आई सहा महिने जवळ हवी होती. व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागणार होता. नवऱ्याने त्या संध्याकाळी चक्क वेळेवर येऊन जेवणाच्या टेबलावर व्हिसाचा अर्ज पसरला आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचत भरायला लागला. दहा प्रश्न सुरळीत गेले.

"अकरा. आपल्याला कधी अटक झाली आहे का?" तो स्वतःच हसला. "आई, बोल. कधी तुरुंगात होतीस?"

"अटक? मला?" सासूबाईंचा आवाज एक्स्चेंजच्या काळातला झाला. "अरे, मी जन्मात कधी बिनतिकिटाची बसमध्ये पाय ठेवला नाही!"

नोंदबाईच्या हातातला चमचा खाली पडला. तो उचलायला ती टेबलाखाली गेली आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

वर आली तेव्हा नवरा 'नाही' लिहायला पेन टेकवत होता. आता हसण्याची वेळ नव्हती. खोटं लिहून दिलं आणि आत कार्ड निघालं, तर सासूबाईंचं जाणंच बारगळणार होतं. आणि बोलायचं तर नोकरीचा नियम आडवा.

"थांबा," ती म्हणाली. "पेनने नका लिहू."

"का गं?"

"काउंटरवर येईल त्या प्रत्येकाला आम्ही एक सांगतो, तेच सांगते. जुनी काही अटक असेल तर सरळ 'हो' लिहावं आणि निकालाचा कागद जोडावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या किरकोळ भानगडीने सहसा कुणाचं अडत नाही. 'नाही' लिहायचं आणि आतून 'हो' निघायचं, त्याने मात्र अडतं."

"पण आईचा इथे काय संबंध?"

"काहीच नाही. मी अर्जाबद्दल बोलतेय."

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मुलाच्या हाताखालून अर्ज ओढून घेतला. "तो रकाना राहू दे. माझा अर्ज आहे, मी भरीन."

गुरुवारी काउंटरवरच्या मुलीची दाढ काढली म्हणून साहेबांनी नोंदबाईला दिवसभरासाठी खाली बसवलं. दुपारी चौतीस नंबरचं टोकन पुकारलं गेलं, तर कुणी पुढे येईना. दाराजवळ मात्र गडबड चालली होती. डोक्याला रुमाल गुंडाळलेली आणि मोठा काळा गॉगल लावलेली एक बाई बाहेर पडू बघत होती आणि पहाऱ्याचा हवालदार तिला अदबीने अडवत होता. "टोकन घेतलंत ना, मावशी? मग असं मधूनच जाऊ नका. नंबर वाया जातो."

गॉगलच्या काडीला नवऱ्याच्या दुकानाची चिठ्ठी लटकत होती. आणि पाठ ताठ होती.

बाई काउंटरवर आली. दोघींमध्ये काच, काचेला खाली अर्धगोल खिडकी.

"नाव?" नोंदबाईने विचारलं.

"सूनबाई..."

"काउंटरवर मी सूनबाई नाही. नाव सांगा."

"माहेरचं की सासरचं?"

"दोन्ही."

सासूबाईंनी दोन्ही सांगितली. नोंदबाईने अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ती लिहून घेतली. "काम काय?"

आवाज एवढा खाली आला की नोंदबाईला अर्धगोलापाशी कान न्यावा लागला. "माझी स्वतःची नोंद बघायची आहे. असली तर."

"असली तर," नोंदबाईने तेही लिहिलं. "नातेवाइकाचं काम मला करता येत नाही. खोली नंबर सहा, ठसेकाका. ओळखपत्र बरोबर ठेवा. आणि गॉगल काढा, आत अंधार आहे."

सासूबाईंनी गॉगल काढला. डोळे घाबरलेले होते. नोंदबाईने बावीस वर्षांत त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, आणि तिची सगळी मजा एकदम ओसरली.

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत आहे ते मला माहीत नाही, आई," ती हळूच म्हणाली. "पण सहा नंबरमधला माणूस चांगला आहे. जा." आणि मग मोठ्याने, "पस्तीस!"

ठसेकाका म्हणजे ठशांचं वेड असलेला गृहस्थ. माणसाचा चेहरा विसरेल, अंगठा विसरणार नाही. सासूबाईंचे हात बघून तो एवढा खूश झाला की बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं. "सात चक्रं! बाई, दहात सात! अहो, असा हात कपाटात पडून राहिला होता?" त्याने ठसे जुळवले, कार्ड समोर ठेवलं, आणि सांगितलं की कोर्टाला पत्र लिहून निकाल मागवावा लागेल. तोवर दाखला निघणार नाही.

साडेपाचला नोंदबाई बाहेर आली तर सासूबाई कँटीनच्या बाकावर बसल्या होत्या. समोर दोन चहा. एक गार झालेला, दुसरा ताजा. ताजा त्यांनी सुनेकडे सरकवला.

"आता मी स्वतः सांगतेय, म्हणजे तुझा नियम मोडत नाही ना?"

"नाही मोडत."

"मग ऐक." आणि त्यांनी सांगितलं.

बापाचं गॅरेज. पंधराव्या वर्षी त्या ट्रक मागे घ्यायला शिकल्या होत्या. कोपर भाजला तो इस्त्रीने नाही, सायलेन्सरने. विसाव्या वर्षी टेलिफोन ऑपरेटरच्या प्रशिक्षणाची शेवटची परीक्षा होती. अकराला पेपर. ज्या बसने जायचं ती पहिल्या स्टॉपवर भरून उभी, आणि ड्रायव्हर समोरच्या टपरीवर गप्पा मारत बसलेला. रोजचंच होतं ते. त्यातून परीक्षेच्या शाळेसमोरच्या स्टॉपवर तो कधी बस थांबवायचाच नाही, हात हलवत पुढे निघून जायचा.

"दहा वाजून चाळीस मिनिटं झाली. किल्ली लावलेली. मी कंडक्टरला म्हटलं, मी घेऊ का? त्याला वाटलं थट्टा करतेय. म्हणाला, घ्या की."

"आणि तुम्ही घेतली."

"घेतली. तीन स्टॉप. प्रत्येक स्टॉपवर थांबले, उभी असतील तेवढी सगळी माणसं आत घेतली. कंडक्टर पहिली दोन मिनिटं देवाचं नाव घेत होता, मग गुपचूप तिकिटं फाडायला लागला. शाळेसमोर आले, हँडब्रेक ओढला, उतरले, पेपरला बसले."

"आणि पोलीस?"

"वर्गात आले. निरीक्षक माझ्या मागे उभा. परीक्षक म्हणाले, पेपर संपल्याशिवाय हलवू देणार नाही. अडीच तास उभा होता बिचारा. दुसरी आले मी."

हसून हसून नोंदबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. तिने कप खाली ठेवला. "कोर्टात काय झालं?"

"सोडलं. पहिल्या स्टॉपपासूनच्या एक्केचाळीस प्रवाशांनी सह्या करून दिल्या की बस जागेवर थांबलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली. बस कंपनीला एवढी लाज वाटली की तक्रारच मागे घेतली. त्याआधी कंडक्टर सरकारतर्फे साक्षीला आला होता. न्यायाधीशांनी विचारलं, ही मुलगी बेकायदा बसली होती? तो म्हणाला, नाही साहेब, मी ह्यांचंही तिकीट फाडलं होतं."

"म्हणजे ते बिनतिकिटाचं..."

"मी खोटं बोलत नाही."

"आणि पुढे त्या कंडक्टरचं काय झालं?"

सासूबाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "काय व्हायचं? लग्न केलं मी त्याच्याशी. तुझे सासरे."

नोंदबाईने सासऱ्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. तिला एकदम त्यांच्याशी बोलावंसं वाटलं. मग सासूबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "सोडलं खरं. पण कुणी कागद हातात दिला नाही. पन्नास वर्षं वाटत होतं, कुठेतरी लिहिलेलं असणार. एकदा सोडलं, दुसऱ्यांदा कोण सोडतंय? म्हणून मग पट्ट्यांवरूनच चालायचं. पिवळ्याला थांबायचं. तुम्हाला कटकट वाटत असेल."

कटकट तर वाटत होतीच. पण त्या जांभळ्या शिक्क्याचा अर्थ नोंदबाईला त्या बाकावर नव्याने कळला. सरकारच्या हिशेबी तिची सासू एकावन्न वर्षं त्या बसमधून उतरलीच नव्हती.

रात्रीची वाट न बघता सासूबाईंनी दुकानात जाऊनच मुलाला सांगितलं. तो एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता. स्वतः गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला माणूस. फ्रेम तशीच सोडून तो आईकडे वळला. मग विचारलं, "आई, चढावर पहिला गिअर टाकलास की दुसरा?" गिऱ्हाइकाने फ्रेम न बघताच घेतली आणि गोष्ट ऐकायला स्टूल ओढलं.

कोर्टाच्या तळघरातल्या वहीत निकाल अकराव्या दिवशी सापडला. ठसेकाकांनी तो कार्डाला जोडला, कॉम्प्युटरवर चढवला, जांभळ्या शिक्क्यावर आडवी रेघ मारून बाजूला सही केली. सासूबाईंनी अकराव्या रकान्यात ठसठशीत 'हो' लिहिलं आणि सोबत दोन पानी हकीकत जोडली. त्यातलं दीड पान बससेवेच्या त्या काळातल्या कारभाराबद्दल होतं. व्हिसाच्या मुलाखतीला त्या एकट्याच आत गेल्या आणि सात मिनिटांत बाहेर आल्या.

"काय विचारलं?" मुलाने विचारलं.

"एकच. आमच्या देशात गाडी चालवायचा विचार आहे का?"

"मग?"

"म्हटलं, गरज पडली तर."

व्हिसा मिळाला. सासूबाई गेल्या. घरात फ्रिजचं दार हवं तेवढा वेळ उघडं राहायला लागलं, आणि दोन दिवसांतच नवरा-बायकोला ते बरं वाटेनासं झालं.

नोंदबाई मात्र साहेबांकडे एक नवा अर्ज घेऊन गेली होती. नऊ नंबरच्या कपाटात 'निकाल अप्राप्त' शिक्क्याची चारशे सोळा कार्डं होती. तिचं म्हणणं होतं की दर गुरुवारी दुपारनंतर तिला आणि ठसेकाकांना कोर्टांना पत्रं लिहू द्यावीत. साहेबांनी विचारलं, "याने काय होणार?" ती म्हणाली, "सर, यातली कितीतरी माणसं केव्हाच सुटली असतील. फक्त आपल्याला माहीत नाही." साहेबांनी सही केली.

पहिल्या वर्षात एकशे एकोणनव्वद कार्डांचे निकाल आले. एका न्हाव्याला दुकानाचा परवाना मिळाला, जो त्याने भीतीपोटी सतरा वर्षं मागितलाच नव्हता. एका नर्सला कळलं की तिच्यावरची केस ती परिचारिका व्हायच्या आधीच निकालात निघाली होती. ती ऑफिसात आली आणि काउंटरवर डोकं टेकून रडली. नोंदबाईने तिला पाणी दिलं, आणि टोकन घेतलं नाही म्हणून हवालदार कुरकुरत होता त्याला गप्प केलं.

सगळी कोर्टं काही सरळ नव्हती. एकाने तीन पत्रांना उत्तर दिलं नाही आणि चौथ्याला लिहिलं, "सदर कागदपत्रे उंदरांनी खाल्ली असल्याने निकाल कळवता येत नाही." नोंदबाई वैतागून ठसेकाकांना म्हणाली, "लिहा त्यांना! संबंधित उंदरांची नावं, वय आणि अंगावरच्या खुणा तातडीने कळवाव्यात, म्हणजे नोंद घेता येईल." काकांनी तिचं बोलणं सगळं शब्दशः टाइप केलं, जावक क्रमांक टाकला आणि टपालात सोडलं.

हे कळल्यावर ती महिनाभर साहेबांची नजर चुकवत होती. मग त्या कोर्टाकडून एक जाड पाकीट आलं. आत कोपरे कुरतडलेले चौदा निकाल होते. सगळे वाचता येत होते.